सदतिसाव्या किलोमीटरनंतर

(८ मार्च २०२५ रोजी मालवण तालुक्यातल्या महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'स्त्रिया आणि क्रीडा : एक यशोगाथा' असं छापलंय. हा विषय डिसेंबरात ठरला. तेव्हा मी जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करत होते आणि बेचाळीस किलोमीटर पूर्ण करूनच परत येणार, हे मी आणि संयोजक दोघींनीही धरून चालल्या होतो. तसं झालं नाही. त्यामुळे पत्रिकेतला 'यशोगाथा' हा शब्द कृपया खोडावा. उरलेल्या विषयावर मी बोलते.

तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला समुपदेशन केंद्रातली म्हणून ओळखतात, काही जणी पहाटे रस्त्याने पळणारी म्हणून. पहिल्या वर्षी रोज कोणीतरी विचारायचं, "बस चुकली काय?" पुण्यात एम.एस.डब्ल्यू. करताना धावायला लागले आणि लग्न होऊन इकडे आल्यावर ते सुटलं. मुलगा शाळेत जायला लागल्यावर पुन्हा सुरू केलं. आधी सलवार-कमीज घालून, मग हळूच ट्रॅक-पँट. सासूबाई पहिले सहा महिने काही बोलल्या नाहीत. मग एके दिवशी परत आले तर ओट्यावर उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, झाकून ठेवलेली. परवानगी मिळाल्याचं मला तेव्हा कळलं.

मागच्या वर्षी मी मुंबईला नाव दिलं. आपल्या बचत गटातल्या बायांनी वर्गणी काढून मला बूट घेऊन दिले. मासे विकणाऱ्या, काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या या बाया. ते बूट पायात घालताना दर वेळी मला संकोच वाटायचा आणि अभिमानही वाटायचा.

आता त्या दिवसाचं सांगते. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. मला पाच तासांत संपवायची होती. म्हणजे एका किलोमीटरला सात मिनिटं, थोडी वरच. पण पहाटेचा अंधार, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची दिव्यांनी उजळलेली इमारत, हजारो माणसं, बँड. मी पहिले दहा किलोमीटर एक तास तीन मिनिटांत काढले. खूप झालं हे, माझं मलाच कळत होतं, पण पाय ऐकेनात. आपण किती छान पळतोय, असंच वाटत होतं. सागरी सेतूवर सूर्य वर आला. विसाव्या किलोमीटरनंतर एका सहधावकाने दिलेलं गोड जेलचं पाकीट खाल्लं. आयुष्यात पहिल्यांदाच. रोज पेज पिणाऱ्या पोटाला ते मानवलं नाही. आणि पाळी, जी चार दिवसांनी यायची होती, ती तिसाव्या किलोमीटरच्या आसपास आली. हे मी इथे मुद्दाम बोलते आहे. धावण्याच्या पुस्तकांत गुडघ्यावर प्रकरणंच्या प्रकरणं असतात आणि पाळीवर एक परिच्छेद.

त्यानंतर मी चालत होते. शरीरातला साखरेचा साठा अशा वेगाने तीसेक किलोमीटरपर्यंत संपत येतो, सुरुवातीला उधळला तर त्याच्याही आधी. ही गोष्ट मी वाचलेली होती. पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर छत्तीस-सदतिसाव्या किलोमीटरच्या सुमाराला लागतो. तिथे दोन्ही पोटऱ्या दगडासारख्या झाल्या आणि मी फुटपाथवर बसले. घड्याळात पाच तास झाले होते. ज्या वेळी अंतिम रेषेवर असायचं, त्या वेळी मी एका इमारतीच्या भिंतीला टेकून बसले होते. एका स्वयंसेवक मुलीने खूप मायेने विचारलं, "काकू, उठता का?" मी नाही म्हटलं. मग गाडीत बसवून मला नेलं. तो दिवस बिघडवला तो मीच. रस्ता, ऊन, माणसं सगळं जसं असायला हवं तसंच होतं.

कोकण रेल्वेने कुडाळ, तिथून एस.टी. घरी पोहोचते तो गटातल्या बाया जमलेल्या. पदक पूर्ण करणाऱ्यालाच देतात, हे त्यांना माहीत नव्हतं. "पदक खंय?" मी सांगितलं, सोडून दिलं मध्येच. क्षणभर सगळ्या गप्प. मग आमच्यातली सगळ्यात वयस्क मावशी म्हणाली, "तुका गाडयेत बसवल्यानी, तेचे पैशे घेतल्यानी काय?" नाही म्हटल्यावर तिचं समाधान झालं. मला हसू आलं आणि हसता हसताच रडूही आलं.

पण सगळेच असे नव्हते. कोणीतरी ऐकवलंच, "ती बारामतीची आजी लुगडं नेसून, अनवाणी धावून जिंकली, आणि तू बूट घालून...!" लता करे यांच्याबद्दल मला आदरच आहे. त्यांच्या आयुष्यावर २०२० मध्ये चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतः काम केलं. पण त्या का धावल्या? नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून. आजारी नवऱ्याच्या तपासणीसाठी म्हाताऱ्या बाईला शर्यत जिंकावी लागते, याची लाज कोणाला वाटत नाही. आणि तिच्या जिद्दीची छडी करून ती दुसऱ्या बाईच्या पाठीत मारायला मात्र सगळे तयार.

खरा घाव पुढेच होता. आमच्या सकाळच्या गटात दहावीतली एक मुलगी येते. माझ्यापेक्षा कितीतरी चांगली धावते. ती यायची थांबली. चौकशी केली तर वडिलांनी सांगितलेलं, "मॅडमाक जमूक नाय, तुका काय जमतला? पाय मोडून घेतलंस तर लग्न कोण करतलो तुझ्याशी?"

एका पुरुषाने शर्यत सोडली तर तो माणूस हरतो. बाईने सोडली तर बायका हरतात. हे आजचं नाही. १९२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांना पहिल्यांदा ८०० मीटर धावू दिलं. अंतिम फेरीत नऊ जणी होत्या आणि नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली. पण शेवटी त्या दमलेल्या दिसल्या, एखादी कोसळली. वर्तमानपत्रांनी असं चित्र रंगवलं की जणू मैदानात प्रेतं पडली होती. झालं, ती शर्यत काढून टाकली. पुढे थेट १९६० पर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांना दोनशे मीटरच्या वर धावायला मिळालं नाही. बत्तीस वर्षं! दमलेल्या पुरुषांमुळे पुरुषांची एखादी शर्यत बंद झाल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. १९६७ मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्वित्झर नावाची विद्यार्थिनी नुसती आद्याक्षरं लावून नाव नोंदवून धावली, तेव्हा शर्यतीचा एक अधिकारी तिच्या अंगावरचा क्रमांक ओढून काढायला धावला. तिथे बायकांना अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७२ मध्ये, आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसला.

त्या शर्यतीत पहिली आली अमेरिकेची जोन बेनॉइट. पण मला सारखी आठवते ती गॅब्रिएला अँडरसन-शीस, स्वित्झर्लंडची, एकोणचाळीस वर्षांची. उन्हाने तिचं शरीर वाकडं झालेलं, एक हात लोंबतोय, पाय एकीकडे, धड दुसरीकडे. स्टेडियममधली शेवटची फेरी पुरी करायला तिला पाच मिनिटांच्या वर लागली. डॉक्टर बाजूने चालत होते, कोणी हात लावला असता तर ती बाद झाली असती. ती सदतिसावी आली. पूर्वी मला ही गोष्ट फार स्फूर्तिदायक वाटायची. आता वाटतं, तिला थांबायची मोकळीक तरी होती का? पहिल्याच वर्षी ती मध्येच बसली असती तर काय काय छापून आलं असतं!

मी मात्र या सगळ्यावर तेव्हा काही विचार करत नव्हते. तीन आठवडे मी धावायला गेले नाही. कोणी विचारलं की 'गुडघा दुखतोय' सांगायचे. गुडघा ठणठणीत होता.

फेब्रुवारीत केंद्रात एक बाई आली. आधीही येऊन गेलेली. पावसाळ्यात ती मार खाऊन घर सोडून आली होती, आम्ही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्जाची तयारी केली होती. दोन महिन्यांत ती परत नांदायला गेली. रजिस्टरात मी लिहिलं 'समझोता' आणि मनात लिहिलं 'सोडून दिलं हिने'. आता पुन्हा आली, तेव्हा मी विचारलं, मधल्या काळात एकदाही का आली नाहीस? ती म्हणाली, "तुमी रागावशात म्हणान." तिचं बरोबर होतं. मी रागावले असते, अगदी एम.एस.डब्ल्यू.च्या भाषेत, पण रागावलेच असते. आणि इथे मी, एका शर्यतीपायी तीन आठवडे तोंड चुकवत फिरत होते. तिच्यापुढे तर तिची मुलं होती, घरभाडं होतं. दोन्हींची तुलना होऊ शकत नाही, हे मला कळतं. तरी त्या दिवशी मला ती तुलना टाळता आली नाही.

त्या रात्री मी माझीच केस लिहून काढली. आपण करतो तशी, घटनाक्रमाने, किलोमीटरवार. माझ्या हातातलं काय होतं, हातातलं काय नव्हतं. वेग माझ्या हातात होता. जेलचं पाकीट माझ्या हातात होतं. पाळी नव्हती, पण तिची तयारी ठेवणं होतं. आणि चढ! सिंधुदुर्गात राहून मी चढाचा सराव केला नव्हता, किनाऱ्याचा सपाट रस्ता सोयीचा म्हणून. कागद भरल्यावर 'मला जमत नाही' हे वाक्य कुठेच बसेना. 'मी घाई केली' हे मात्र चार ठिकाणी आलं.

मग प्रश्न आला, पुढे काय? पहिली इच्छा सूड घेतल्यासारखी होती. लगेच दुसरी मॅरेथॉन, शक्य तर आणखी लांबची. ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ, तेव्हाची जगातली सर्वांत वेगवान मॅरेथॉनपटू, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये छत्तीसाव्या किलोमीटरच्या आसपास थांबली आणि रस्त्याच्या कडेला रडत बसली. पाच दिवसांनी ती दहा हजार मीटरला उतरली, तीही अर्ध्यावर सोडावी लागली. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कची मॅरेथॉन तिने जिंकली. पाच दिवस आणि अडीच महिने, यातला फरक मी वहीत लिहून ठेवलाय.

आणि आपली ललिता बाबर. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची. २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये ती भारतीय स्त्रियांत पहिली आली. कोणीही म्हणालं असतं, हेच करत राहा. तिने तीन हजार मीटर स्टीपलचेस निवडली, अडथळ्यांची आणि पाण्याच्या खड्ड्याची. २०१४ च्या आशियाई स्पर्धेत कांस्य आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये थेट अंतिम फेरी, दहावा क्रमांक. बेचाळीस किलोमीटरवरून तीनवर येणं म्हणजे खाली उतरणं नव्हे, हे तिच्याकडे बघून पटलं.

तर माझं ठरलंय ते असं. या वर्षी पूर्ण मॅरेथॉन नाही. पावसाळ्याच्या अखेरीला साताऱ्याला डोंगरातली अर्धमॅरेथॉन असते, यवतेश्वर घाट चढून जायचं आणि उतरून यायचं. एकवीस किलोमीटर. जो चढ मी टाळला तोच. आंबोली घाटात महिन्यातून दोनदा सराव करणार आहे. नवरा मुलाला सांभाळेल, हे मी गृहीत धरलेलं नाही, बोलून, तारखा लिहून घेतल्यात.

दुसरं, आपल्या गटाची दहा किलोमीटरची धाव, याच किनाऱ्यावर. एक मैत्रीण मला तोंडावर म्हणाली, "तू बायकांच्या घोळक्यात स्वतःची हार लपवत्येस." त्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तर साताऱ्याला एकटीचं नाव दिलंय. पण दहा किलोमीटर मला वेगळ्या कारणासाठी हवेत. बेचाळीसच्या सरावाला आठवड्याचे आठ-दहा तास लागतात. ते कुठल्या बाईकडे आहेत? पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरणारी मावशी मला म्हणालीच, "आमी रोजच धावतंव गो, आमका कोण पदक देतत?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच करता येईल की धावायची वेळ त्यांच्या कामाच्या वेळेप्रमाणे ठरवायची.

वायरीपासून तारकर्लीकडे पुळण सलग आहे. पाच किलोमीटर जायचं, पाच यायचं. कोरड्या वाळूत पोटऱ्या भरून येतात, म्हणून ओल्या, घट्ट वाळूवरून, आणि ती फक्त सुकतीला मिळते. ओली वाळू समुद्राकडे कललेली असते, एका पायावर जास्त भार येतो. जाऊन त्याच वाटेने परत आलं की दोन्ही पाय सारखे शेकतात. शिंपल्यांनी तळवे कापतात, तेव्हा जुनी का होईना, चप्पल नको, बूट हवेत. बुटांची वर्गणी पुन्हा काढतोय आणि या वेळी पहिले पैसे माझे.

त्या मुलीच्या वडिलांना मी दोनदा भेटले. लांबलचक भाषण केलं नाही. शर्यत मी का सोडली ते सांगितलं, वेगासकट, पाळीसकट. ते खाली बघून ऐकत होते. अजून हो म्हणालेले नाहीत. आई म्हणते, उजाडता उजाडता आणि बाजाराच्या वेळेपर्यंत घरी, एवढं असेल तर पाठवीन. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला सुकती पहाटेच असते, मग रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते. म्हणजे पंधरवड्यातले तीन-चार दिवस आपल्याला सोयीचे. नक्की वेळ मावशीला विचारा, तिला तिथीवरून तोंडपाठ आहे. येत्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही वायरीला जमतोय. ज्यांना नुसतं चालायचंय त्यांनीही यावं. पेज सासूबाई देणार आहेत, पेला प्रत्येकीने आपापला आणायचा.