ज्याची चूल, त्याची राख

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस-ज्वारीवाल्यांच्या मेळाव्यात अणुभट्टीच्या कचऱ्याचे काय काम, असे काहींना वाटेल. काम आहे. कुणालाही नको असलेली वस्तू पुरायला जागा हवी असली, की शहाण्यांची नजर कोरड्या, विरळ वस्तीच्या मुलखाकडे वळते. 'तिथे तसेही काय पिकते?' असे म्हटले जाते. हे वाक्य आपण कोरडवाहूवाले चांगले ओळखतो.

आधी वस्तू समजून घेऊ. अणुभट्टीत युरेनियमच्या कांड्या वापरतात. काही वर्षांनी त्या काढाव्या लागतात. अशी कांडी उघडी ठेवली तर जवळ जाणारा माणूस वाचत नाही. म्हणून ती वर्षानुवर्षे पाण्याच्या खोल हौदात ठेवतात. तिची गरमी उतरते, विष उतरत नाही. तिच्यातले प्लुटोनियम निम्मे व्हायलाच सुमारे २४,००० वर्षे लागतात. हौदाला पाणी लागते, वीज लागते, राखणदार लागतो. इतकी वर्षे राखण करील असे सरकार जगात अजून जन्मले नाही. म्हणून राखणीचे काम माणसाकडून काढून खडकाकडे द्यायचे, असा विचार पुढे आला.

स्वीडन आणि फिनलंड यांची पद्धत अशी. कांड्या बिडाच्या साच्यात बसवायच्या. त्यावर ५ सेंटिमीटर जाडीचे तांब्याचे कवच. हे पिंप चारशे ते पाचशे मीटर खोल खडकात ठेवायचे आणि भोवती बेंटोनाइट नावाची माती ठासायची. ही माती तुम्हाला परकी नाही. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. हे जी चिकणमाती करते, तिच्याच कुळातले हे बेंटोनाइट. खोल खडकात ओल कायमची, त्यामुळे भेगाळण्याची वेळ येऊ नये, फुगून तिने फटी बुजवाव्यात आणि पाण्याला वाट देऊ नये, असा हिशेब आहे.

हे एका देशाचे काम नव्हे. स्वीडनमध्ये स्ट्रीपा येथे लोखंडाची एक बंद पडलेली खाण होती. तिथे १९८० ते १९९२ पर्यंत अमेरिका, जपान, कॅनडा, स्वित्झर्लंड, फिनलंड अशा देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून खडकातले पाणी आणि ही माती तपासली. खर्च वाटून घेतला, निष्कर्षही वाटून घेतले. स्वीडनने बसवलेली पद्धत फिनलंडने उचलली. याला मी खरे सहकार्य म्हणतो.

आता दुसऱ्या तऱ्हेचे सहकार्य पाहा. फिनलंड आपल्या एका वीजकेंद्राच्या वापरलेल्या कांड्या पूर्वी सोव्हिएत युनियनला आणि नंतर रशियाला पाठवत असे. १९९४ मध्ये फिनलंडने कायदाच केला : आपला कचरा बाहेर जाणार नाही, दुसऱ्याचा आत येणार नाही. १९९६ नंतर ती पाठवणी थांबली.

ऑस्ट्रेलियात उलटे घडू पाहत होते. पँजिया नावाच्या परदेशी कंपनीला जगभरच्या कांड्या तिथल्या कोरड्या, सपाट मुलखात पुरायच्या होत्या. १९९८ मध्ये हा बेत फुटला. १९९९ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विधिमंडळाने कायदा करून त्याला बंदी घातली. २०१६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात सरकारी आयोगाने पुन्हा तेच सुचवले : परदेशांतून १,३८,००० टन वापरलेले इंधन घ्या, राज्य श्रीमंत होईल. सरकारने साडेतीनशेच्या आसपास सामान्य नागरिकांची पंचायत बसवली. त्यांतल्या दोन तृतीयांश लोकांनी सांगितले, कोणत्याही अटीवर नको. याच राज्यात मारालिंगाच्या आदिवासी मुलखात ब्रिटिशांनी १९५६ ते १९६३ या काळात अणुबाँबच्या चाचण्या केल्या होत्या. तिथल्या आदिवासींना आश्वासनांची किंमत ठाऊक होती.

मग दुसऱ्याची राख घेणे नेहमीच पाप आहे का? तसे मी म्हणणार नाही. एखाद्या छोट्या देशाकडे एकच अणुभट्टी असेल, तर त्याने एकट्याने एवढे खोल भुयार खणणे परवडत नाही. दोघातिघांनी मिळून एक जागा करणे शहाणपणाचे ठरू शकते. प्रश्न एवढाच, की 'हो' कोण म्हणतो? १९९७ च्या आंतरराष्ट्रीय करारात लिहिले आहे, की ज्या देशात कचरा न्यायचा त्या देशाची संमती हवी. देशाची! पण देशाची संमती म्हणजे गावाची संमती नव्हे. दिल्लीने केलेल्या आयात-निर्यातीच्या सह्यांचा भुर्दंड कुणाच्या वावरात पडतो, हे कापूसवाल्याला सांगायला नको.

स्वीडनमध्ये गावाला विचारावे लागते. उत्तरेकडच्या, अणुभट्ट्यांपासून दूर असलेल्या स्टूरुमानने १९९५ मध्ये मतदान करून नकार दिला. मालोने १९९७ मध्ये दिला. कंपनी निघून गेली. शेवटी जागा ठरली ती फोर्समार्क, जिथे अणुभट्ट्या आधीपासून उभ्या आहेत. तिथल्या नगरसभेने २०२० मध्ये होकार दिला आणि २०२५ च्या जानेवारीत खोदाई सुरू झाली. फिनलंडमध्येही अणुभट्टी असलेल्या युरायोकीच्या सभेने २००० साली २० विरुद्ध ७ मतांनी 'हो' म्हटले. 'नाही' म्हणता येत होते, म्हणूनच त्या 'हो'ला किंमत आली. शिवाय दोन्ही देशांत या पुरण्याचा खर्च वीज बनवणाऱ्यांकडून आधीच वसूल करून वेगळ्या निधीत ठेवतात. आपण शेतमालाचा पुरा उत्पादन खर्च धरा म्हणतो, तसाच हा विजेचा पुरा उत्पादन खर्च.

आपल्या देशाचे धोरण निराळे आहे. वापरलेल्या कांड्यांतून कामाचे द्रव्य काढून घ्यायचे आणि उरलेला जहाल कचरा काचेत कोंडायचा. आपल्याच राज्यात तारापूरला हे काम चालते. पण काचेत कोंडला तरी तो कचराच. आज ना उद्या त्यालाही खोल जागा लागणार. त्या दिवशी नकाशावर बोट कुठे टेकेल, ते मी सांगू शकत नाही. तुम्ही कोणते प्रश्न विचारायचे, ते सांगू शकतो.

पुरण्याचा खर्च विजेच्या दरात धरला आहे का? ग्रामसभेला 'नाही' म्हणायचा अधिकार आहे का, आणि तो कागदावर आहे का? पाणी नासले तर शंभर वर्षांनी जाब कुणाला विचारायचा?

तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत सातबाऱ्यावर सही करू नका. शास्त्र कुठूनही येऊ द्या, त्याचे स्वागत करा. राख मात्र ज्याच्या चुलीची आहे, त्याला आधी विचारा, की बाबा, तुझ्या अंगणात जागा का नाही?