संथ बदलाला डोळे देणारी विद्या

(भंडारा येथे विद्यार्थी व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



वाटाण्याचा कोंब वाढताना आपल्यापैकी कुणी पाहिला आहे काय? वाढलेला दिसतो, वाढताना दिसत नाही. १९१२च्या सुमारास धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांनी नेमके हेच दाखविले. चित्रपटासाठी भांडवल उभारायचे होते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी रोवला आणि ठरावीक काळाने एकेक चौकट टिपली. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली. ते पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज दिले आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रेक्षकांसमोर आला.

कॅमेरा विलायतेचा होता. परंतु कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडण्यासारखी किचकट कामे घरातच होत आणि सरस्वतीबाई फाळके ती स्वतः करीत. आज टाइमलॅप्स छायाचित्रणात त्या परिश्रमांची जागा सॉफ्टवेअरने घेतली आहे. कॅमेरा साध्या मोबाइलमध्येही आहे. खरी विद्या आहे ती हजारो छायाचित्रांतून सलग चित्र घडविणाऱ्या प्रणालीत.

ही प्रणाली काय करते? रोज एक याप्रमाणे वर्षभरात ३६५ छायाचित्रे जमतात. सेकंदाला २५ चौकटी या वेगाने त्यांची जेमतेम पंधरा सेकंदांची चित्रफीत होते. प्रथम छायाचित्रे तारीख-वेळेनुसार लावावी लागतात. वाऱ्याने कॅमेरा किंचित हलला असेल, तर देवळाचा कळस किंवा विजेचा खांब अशा स्थिर खुणा शोधून प्रत्येक चौकट आधीच्या चौकटीवर तंतोतंत बसवावी लागते. काल ऊन, आज ढग. त्यामुळे चित्रफीत लुकलुकते, म्हणून उजेडाचा मेळ घालावा लागतो. शेवटी चौकटी जोडायच्या. ‘ओपनसीव्ही’ आणि ‘एफएफएमपेग’ ही मुक्त साधने यासाठी विनामूल्य उपलब्ध आहेत. महाविद्यालयातील चार मुले-मुली त्यांच्या आधारे आपल्या गरजेची प्रणाली सहज लिहू शकतील.

आपली गरज कोणती? भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले, आज ‘माजी मालगुजारी’ म्हणून ओळखले जाणारे साडेसहा हजारांहून अधिक तलाव पूर्व विदर्भात आहेत. धानाची शेती त्यांवर उभी राहिली, ढिवर बांधवांच्या चुली त्यांवर पेटल्या. हे तलाव एका रात्रीत नाहीसे होत नाहीत. दरवर्षी थोडा गाळ साचतो, काठाची बेशरम हातभर पुढे सरकते, जलपर्णी पसरते, एखादे शेत आत शिरते. रोज पाळीवरून जाणाऱ्याला काहीच बदललेले वाटत नाही. वीस वर्षांनी म्हातारी माणसे सांगतात की येथे पाणी होते, आणि नव्या पिढीला ते खरे वाटत नाही!

कुणी म्हणेल, उपग्रह आहेत की! अवश्य आहेत. १७ मार्च १९८८ रोजी आपला ‘आयआरएस-१ए’ अवकाशात गेला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, २२ एप्रिलला, वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. ‘लँडसॅट’चा १९७२पासूनचा संग्रहही २००८ साली सर्वांना खुला झाला. गोसीखुर्दचा जलाशय कसा पसरला, हे त्या चित्रमालिकेत स्पष्ट उमटते. परंतु लँडसॅटच्या एका ठिपक्यात ३० मीटर लांब-रुंद जमीन मावते. एक हेक्टरची बोडी म्हणजे अवघे अकरा ठिपके. शिवाय तलाव भरतो पावसाळ्यात आणि तेव्हाच ढग आडवे येतात. ढगाळ चित्रे वगळून वर्षाचे एकच चित्र बनविणाऱ्या प्रणालीत भरलेला तलावच गळून पडू शकतो. ‘सेंटिनेल-१’सारखे रडार उपग्रह ढगांपलीकडे पाहतात, पण पाळीवरची बेशरम ओळखायला पाळीवरचाच कॅमेरा हवा.

येथे मला एक पत्रकार म्हणून सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. उजेडाचा मेळ घालणारी प्रणाली डोळ्यांना सुखावते. पण पाणी खरोखरच हिरवे, काळपट होत गेले, तर तो रंगही ती ‘दोष’ समजून पुसू शकते. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येते. अशा पाण्याची साक्ष कुणी सुंदर करून चालणार नाही. म्हणून मूळ छायाचित्र कधीही खोडू नये आणि प्रणालीने केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद आपोआप राहावी. ज्या प्रणालीची आज्ञावली आपण वाचू शकतो, तिच्याच बाबतीत याची खात्री देता येते. दुसऱ्याने शहरातल्या झगमगाटासाठी लिहिलेली प्रणाली आपल्या तलावाचे प्रश्न विचारणार नाही.

तेव्हा प्रत्येक शाळेने एक तलाव निवडावा. पाळीवर एक पक्का खांब रोवावा, त्यावर मोबाइल ठेवण्याची खाच करावी आणि दर आठवड्याला त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच दिशेने एक छायाचित्र घ्यावे. जुन्या विद्यार्थ्यांनी नव्यांना ते काम सोपवावे. संगणक शिकणाऱ्यांनी प्रणाली लिहावी. घरातील वडीलधाऱ्यांनी पूर्वीचे पाणी कुठवर होते, ते सांगावे. पाच वर्षांची ती चित्रफीत ग्रामसभेत आणि जिल्हा परिषदेत दाखविता येईल. मग ‘बदल झालाच नाही’ असे कुणाला म्हणता येणार नाही. येणारा पावसाळा पहिल्या छायाचित्रासाठी उत्तम मुहूर्त आहे.