आकड्याची चाल

रक्ताचा रिपोर्ट हाती आला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्याकडे जाते. तो मर्यादेबाहेर असला की झोप उडते. कर्करोगाच्या बाबतीत मात्र एकटा आकडा फार थोडे सांगतो.

सीए-१२५ ही तपासणी घ्या. बीजांडकोशाच्या कर्करोगात हे प्रथिन रक्तात वाढते. मिलिलिटरमागे ३५ युनिट ही त्याची रूढ मर्यादा. पण एंडोमेट्रिओसिसमध्ये, पोटाच्या क्षयरोगात, गरोदरपणात, अगदी पाळीच्या दिवसांतही ते वाढू शकते. उलट, कर्करोग नुकता सुरू झाला असेल तर पुष्कळदा ते मर्यादेतच राहते.

यावर संख्याशास्त्रज्ञ स्टीव्हन स्केट्स आणि कर्करोगतज्ज्ञ इयन जेकब्स यांनी उपाय शोधला. प्रत्येक स्त्रीची तुलना तिच्या स्वतःच्याच आधीच्या आकड्यांशी करायची. समजा, एकीचा आकडा वर्षानुवर्षे ४० वर स्थिर आहे. दुसरीचा ८ वरून १४ आणि १४ वरून २८ वर गेला. मर्यादा ओलांडली पहिलीने, पण काळजी दुसरीची अधिक. आकड्यांची रेषा कुठून चढू लागली, हे त्यांचे गणित शोधते, त्यात वयाची जोखीम मिळवते आणि पुढची तपासणी कधी करायची ते सुचवते.

ब्रिटनमध्ये २००१ पासून पाळी थांबलेल्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. त्यांतल्या एका गटाची दरवर्षी या पद्धतीने रक्ततपासणी होत होती. ठरावीक मर्यादेच्या तुलनेत या गणिताने जवळपास दुप्पट कर्करोग पकडले. पहिल्या टप्प्यातले निदानही वाढले. पण २०२१ मध्ये अंतिम निष्कर्ष आले, तेव्हा तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत मृत्यू कमी झालेले नव्हते.

हा निकाल कटू आहे, पण मोलाचा आहे. रोग लवकर सापडणे आणि माणूस अधिक जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी सिद्ध करायची तर लाखो स्त्रियांचा सहभाग आणि वीस वर्षांचा धीर लागतो. ज्यांनी तो दाखवला, त्यांचे आपण ऋणी आहोत.

म्हणून भगिनींनो, लक्षणे नसताना केवळ आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये आहे म्हणून ही तपासणी करून घेऊ नका. मात्र पोट सतत फुगत असेल, दोन घासांत भरत असेल, ओटीपोट दुखत असेल, लघवीला वारंवार जावे लागत असेल आणि हे आठवड्यांमागून आठवडे चालले असेल, तर अंगावर काढू नका, डॉक्टरांकडे जा. घरात कुणाला बीजांडकोशाचा किंवा स्तनाचा कर्करोग झाला असेल तर तेही सांगा. आणि जुने रिपोर्ट जपून ठेवा, सोबत न्या. नव्या आकड्याचा अर्थ त्यांच्याशी ताडूनच लागतो.