कडुनिंबाचे तेल : घरातील उपयोग आणि त्याची मर्यादा

(ग्रामपंचायत सदस्य व प्राथमिक शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)

अहमदनगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ पासूनच्या अधिकृत नावाप्रमाणे अहिल्यानगर जिल्ह्याच्या, दक्षिण भागातून ज्येष्ठ-आषाढात जाणाऱ्यास बांधाबांधावर कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडलेला दिसतो. कर्जत, जामखेड, पाथर्डी हे तालुके पर्जन्यछायेतले. उत्तरेकडील कालव्याच्या पाण्यावरची उसाची हिरवाई येथे नाही. परंतु ज्या वर्षी विहिरी आटतात त्या वर्षीही हे झाड पालवते, फुलते आणि फळते. त्यामुळे त्यावर लोकांचा जो विश्वास बसला आहे तो पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. गुढीला कडुनिंबाची डहाळी, पाडव्याच्या सकाळी त्याचा कोवळा पाला, गोवर-कांजिण्यांत अंथरुणाशी त्याच्या फांद्या, धान्याच्या कणगीत त्याची सुकी पाने. घराचा एकही कोपरा त्याच्यावाचून राहिलेला नाही.

हा विश्वास अनाठायी नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. मात्र पानावरचा विश्वास जसाच्या तसा तेलावर नेला जातो, आणि तेथे घोटाळा होतो. पाडव्याला चार पाने चघळणे ही एक गोष्ट, निंबोळीच्या गराचे तेल चमच्याने पाजणे ही अगदी वेगळी गोष्ट.

अलीकडे शहरांतील औषधांच्या दुकानांत ‘टी ट्री’ नावाच्या तेलाच्या लहानशा बाटल्या दिसू लागल्या आहेत. नावात चहा असला तरी आपल्या चहाशी त्या झाडाचा संबंध नाही, आणि गवती चहाशी तर नाहीच. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स प्रांतातील मेलॅल्युका जातीच्या त्या झाडाच्या पानांपासून वाफेच्या साहाय्याने ते तेल काढतात. त्याच्या जंतुनाशक गुणाचा शास्त्रीय अभ्यास तेथे १९२० नंतरच्या दशकात आर्थर पेनफोल्ड या रसायनशास्त्रज्ञाने केला. ते उडून जाणारे सुगंधी तेल होय. कडुनिंबाचे तेल त्याहून वेगळे. ते बियांतील गर घाण्यात दाबून काढलेले, जड, कडू आणि लसणासारख्या उग्र दर्पाचे असते. कागदावर थेंब टाकला तर सुगंधी तेल बहुतांशी उडून जाईल, निंबाच्या तेलाचा डाग मात्र राहील. कुळे भिन्न असली तरी दोघांच्या बाबतीत एक नियम समान आहे. दोन्ही तेले शरीराच्या बाहेर वापरावयाची आहेत, पोटात घेण्याची नव्हेत.

निंबोळीच्या गुणांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले ते टोळधाडीमुळे. १९५९ साली सुदानमध्ये टोळांनी सगळी झाडे ओरबाडली, पण कडुनिंब तेवढा हिरवा राहिला, हे जर्मन कीटकशास्त्रज्ञ श्मुटरर यांनी पाहिले. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेतील प्रधान, जोतवाणी आणि त्यांचे सहकारी यांनी निंबोळीची पूड पाण्यात कालवून पिकांवर फवारली, तेव्हा टोळ त्या पिकांवर बसले, पण त्यांनी ती खाल्ली नाहीत. १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये त्यातील मुख्य द्रव्य वेगळे काढण्यात आले. त्यास ॲझाडिरॅक्टिन म्हणतात. हे द्रव्य किडीला एका दमात मारीत नाही. ते तिची भूक मंदावते आणि कात टाकण्याची क्रिया बिघडवते. म्हणून फवारणी करून दुसऱ्या दिवशी मेलेल्या किडी मोजणारा शेतकरी निराश होतो. परिणाम दिसावयास काही दिवस जावे लागतात.

पुढे याच तेलावर हक्क सांगण्यापर्यंत मजल गेली. निंबाच्या तेलाने पिकांवरील बुरशी रोखण्याच्या पद्धतीचे एकस्व युरोपीय एकस्व कार्यालयाने १९९४ मध्ये अमेरिकेचे कृषि खाते आणि एक अमेरिकन कंपनी यांना दिले. त्यास हरकत घेण्यात आली. महाराष्ट्रातील एका उद्योजकाने, असे प्रयोग आपण पूर्वीच शेतांवर केले असल्याची साक्ष दिली. २००० साली ते एकस्व रद्द झाले आणि २००५ मध्ये त्यावरील अपीलही फेटाळले गेले. जे ज्ञान बांधावर होते ते कागदावर नव्हते म्हणून एवढा खटाटोप करावा लागला, ही गोष्ट शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी.

आता घरातील उपयोगांकडे वळू. परसातील भाजीपाल्यावरील मावा, तुडतुडे यांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. ५० ग्रॅम निंबोळीची भरड पूड फडक्यात बांधून थोड्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवावी, सकाळी चोळून पिळून घ्यावी, आणि त्या पाण्यात थोडा साबण विरघळवून एकंदर एक लिटर द्रावण करावे. तयार तेल असल्यास लिटरभर पाण्यास ५ मिलिलिटर पुरते. परंतु साबणावाचून तेल पाण्यात मिसळत नाही, ते वर तरंगते आणि पाने करपतात. अर्क त्याच दिवशी संपवावा. फवारणी सायंकाळी करावी, कारण उन्हाने त्यातील द्रव्य लवकर नष्ट होते.

बियाण्यासाठी राखलेल्या तुरी, मूग, हरभऱ्यास किलोमागे सुमारे ५ मिलिलिटर तेल चोळले तर भुंगेऱ्याचा उपद्रव कमी होतो. खाण्याच्या धान्यात मात्र तेल नको, सुकलेला पाला पुरे. आणि धान्य दातांखाली कडकन फुटेल इतके वाळलेले नसेल तर पाल्याचे थर घालूनही काही साधणार नाही. ओल्या धान्याला कडुनिंब वाचवीत नाही.

डासांबाबत दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्राने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास उद्‌बोधक आहे. खोबरेल तेलात दोन टक्के निंबाचे तेल, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये २ मिलिलिटर, मिसळून उघड्या अंगाला लावले असता हिवतापाच्या डासांपासून रात्रभर संरक्षण मिळाले. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि रांजणात, टाकून दिलेल्या टायरांत वाढतो. त्याच्यासाठी पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासणे हाच मुख्य उपाय. अंगाला तेल लावले म्हणून मच्छरदाणी गुंडाळून ठेवणे शहाणपणाचे नव्हे. डोक्यातील उवांसाठीही हे तेल खोबरेलात पातळ करून लावतात. आधी कोपराच्या आतील बाजूस एक थेंब लावून दिवसभर पाहावे. पुरळ उठल्यास वापरू नये. डोळे जपावेत. तान्ह्या मुलांच्या अंगास ते लावूच नये.

या विषयातील सर्वांत गंभीर भाग यापुढचा आहे. सर्दी-खोकल्यावर, जंतावर किंवा ‘पोट साफ व्हावे’ म्हणून लहान बाळांना कडुनिंबाचे तेल पाजण्याची चाल काही घरांतून आहे. १९८१-८२ च्या सुमारास मलेशियातील डॉक्टरांनी अशा बालकांची नोंद प्रसिद्ध केली. तेथील भारतीय वंशाच्या कुटुंबांनी घरगुती औषध म्हणून हे तेल पाजले होते. काही तासांतच उलट्या, धाप, ग्लानी आणि आकडी सुरू झाली, यकृतावर व मेंदूवर परिणाम झाला. तेलाचे प्रमाण चमचाभराइतके अल्पही होते. देणाऱ्या आया-आज्यांच्या मनात मायेखेरीज काही नव्हते. विषबाधेच्या इतर प्रकारांत निष्काळजीपणा असतो, येथे काळजीपोटीच बाटली उघडली जाते, म्हणून नुसती धाकदपटशाची भाषा उपयोगी पडत नाही. गरोदर स्त्रियांनीही हे तेल पोटात घेऊ नये.

‘आयुर्वेदात तर कडुनिंब आहे’ असे उत्तर यावर ठरलेले असते. आहे, यात शंका नाही. ज्या नगर शहरात वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ मध्ये आयुर्वेदाचे महाविद्यालय सुरू केले तेथे तर हे सांगण्याचीही गरज नाही. पण त्या शास्त्रात द्रव्य, मात्रा, वय आणि रोग्याची प्रकृती वैद्य पाहतो. बाजारातून आणलेली बाटली आणि घरातील चमचा यांत यांपैकी काहीच पाहिले जात नाही.

मुलाच्या पोटात हे तेल गेल्याचे कळल्यास मीठपाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. तेल श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो. लक्षणांची वाट न पाहता बाटलीसह मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. किती तेल, किती वाजता गेले हे डॉक्टरांना न लपवता सांगावे. आजीला बोल लागेल म्हणून ही माहिती दडवली जाते आणि मोलाचा वेळ जातो.

तेलाचा दर्जा निंबोळी वेचण्यापासूनच ठरतो. पावसात कुजलेली, बुरशी आलेली निंबोळी घाण्यावर जाऊ नये. पिकलेल्या निंबोळ्यांचा गर धुऊन काढावा, बिया सावलीत वाळवाव्यात, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंडता गोणपाटात भराव्यात. केंद्र शासनाने २०१५ मध्ये युरियास निंबतेलाचे आवरण सक्तीचे केल्यापासून या बियांना मागणी आहे. गायरानावरील व रस्त्याकडेची निंबोळी महिला बचत गटांकडून वेचून घेण्याचे काम ग्रामपंचायतीने हाती घेतल्यास पेरणीपूर्वीच्या ओढगस्तीच्या दिवसांत घरात चार पैसे येतील. मात्र गावात काढलेले तेल विकावयाचे झाल्यास ते गोडेतेलाच्या किंवा खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत भरू नये. बाटली गडद रंगाची असावी, तीवर तेल काढल्याची तारीख असावी, आणि ‘केवळ बाहेरून लावण्यासाठी, पोटात घेऊ नये’ ही ओळ ज्या घरात वाचणारे कोणी नाही तेथेही समजावी म्हणून विकणाऱ्या बाईने ती तोंडाने सांगावी.