चेहऱ्यावर वय किती आणि ऊन किती?

विरार लोकलच्या दारात उभे असाल तर आधी आत सरका, मग ऐका. आजचा एपिसोड तुमच्यासाठी आहेच, पण घरी गेल्यावर आईला, मावशीला पण ऐकवा.

एक छोटी टेस्ट सांगतो. दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा बघा, मग आरशात गाल बघा. दोघांचं वय एकच, मग दिसायला एवढा फरक का? कारण दंडाला ऊन लागत नाही. तो फरक म्हणजे वय नाही, ऊन!

२०१२ मध्ये एका नावाजलेल्या अमेरिकन वैद्यकीय जर्नलमध्ये एका ६९ वर्षांच्या माणसाचा फोटो आला होता. २८ वर्षं डिलिव्हरी ट्रक चालवलेला. खिडकीकडचा डावा गाल जाड आणि सुरकुतलेला, उजवा बराच तरुण. उन्हातले यूव्हीए किरण काचेतूनही आत येतात, म्हणून.

आता आपल्याकडे या. अर्नाळ्याला बोंबील वाळत घालणाऱ्या बायका, नायगावच्या मिठागरातले कामगार, वसईचे वाडीवाले, डिलिव्हरी करणारी आपली पोरं. यांना काचसुद्धा नाही. आणि आपल्या सावळ्या त्वचेत म्हातारपण आधी सुरकुतीतून नाही, डागांतून दिसतं. गालावर वांग, कपाळावर काळपटपणा, रंग कमीजास्त. सुरकुत्या मागून येतात.

आणि खरा धोका इथेच आहे. माझी मावशी मासळी विकते. वांग दिसायला लागल्यावर शेजारणीने एक ट्यूब दिली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, सगळ्या खूश! तीन महिन्यांनी त्वचा पातळ, लालसर, उन्हात गेलं की आग आग. ट्यूबवर नाव होतं मोमेटासोन, म्हणजे स्टेरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल हीसुद्धा त्याच घरातली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती हातोहात फिरतातच. कुणी लावत असेल तर एकदम बंद करायला लावू नका, त्वचा भडकते. आधी स्किनच्या डॉक्टरांकडे न्या. मावशीलाही तसंच नेलं, आता हळूहळू बरं आहे.

बिनलेबलच्या क्रीमचं तर विचारूच नका. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना गोरं करणाऱ्या क्रीमनंतर किडनीचा त्रास झाल्याची बातमी २०२३ मध्ये आली होती. क्रीममध्ये पारा निघाला.

मग करायचं काय? महागडं काही नाही.

एक, सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि पाकिटावर पीए+++ बघा. दोन बोटांवर लांब रेघ ओढून येईल एवढं, चेहऱ्याला आणि मानेला. उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी परत. वांग असेल तर रंगीत, म्हणजे आयर्न ऑक्साइडवालं चांगलं.

दोन, डोक्यावर पदर, रुंद टोपी, छत्री. दहा ते चार सावली शोधा. आपल्या आज्या पदर काय उगाच घेत नव्हत्या!

तीन, रात्री सौम्य साबणाने चेहरा धुवा आणि साधं मॉइश्चरायझर लावा. लिंबू, बेकिंग सोडा चेहऱ्यावर नको. रेटिनॉइड सुरकुत्यांवर काम करतं, पण डॉक्टरांना विचारूनच, आणि गरोदरपणात अजिबात नाही.

चार, सिगरेट. तिने सुरकुत्या लवकर येतात.

एखादा डाग वाढतोय, रंग बदलतोय, रक्त येतंय, महिनाभर भरत नाहीये, तर तो म्हातारपणाचा समजून सोडू नका. दाखवा.

झालेल्या सगळ्या सुरकुत्या पुसता येत नाहीत, पण पुढचं नुकसान थांबवता येतं. मग आज घरी गेलात की एकच काम करा. आईच्या कपाटातली क्रीमची ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. डोळे तुमचे तरुण आहेत, तिला ती दिसत नाहीत. भेटू पुढच्या भागात!