आधी कोण बोललं?
निर्मळच्या जत्रेत एखादी बातमी फुटली, की पहिला प्रश्न असतो, “आधी कोण बोललं?” बिटकॉइनचंही तसंच. तिथे नाव नसतं, पण व्यवहार आधी कुठल्या आयपीवरून आला, यावर पाळत ठेवता येते. मोनेरोमध्ये 2020 साली डँडेलियन प्लस प्लस आलं: व्यवहार आधी एकेका कानात सरकतो, मग गर्दीत सुटतो. लाइटनिंगमध्ये मधल्याला फक्त मागचा नि पुढचा कळतो.

पण खरी गळती आपल्याच खिशात! मी इंजिनिअर असून वर्षभर एक मोबाइल वॉलेट वापरलं. ते माझ्या सगळ्या पत्त्यांची शिल्लक एकाच परक्या सर्व्हरला विचारायचं. आयपीसकट! आता घरीच नोड चालवतो, टॉरवरून. वीज गेली की तोही झोपतो, ते सोडा.