लहान संगणकाचे घड्याळ आणि उपग्रहांची वेळ

रास्पबेरी पायसारख्या लहान संगणकाला वीज गेली की वेळेचा विसर पडतो. त्याच्या चौथ्या पिढीपर्यंत बोर्डवर सेलवर चालणारे घड्याळच नव्हते. वीज आली की तो इंटरनेटवरून वेळ मागून घेतो. नंदुरबार शहरात तेवढे पुरते; जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या सातपुडा डोंगरात जिथे रेंज नाही, तिथे तो जुनीच तारीख धरून बसतो. चालू असतानाही त्याचा क्वार्ट्‌झ स्फटिक तापमानाप्रमाणे पुढेमागे होतो. दहा लाखांत वीस भागांचा फरक म्हणजे दिवसाला सुमारे १.७ सेकंद.

भूकंपमापनाला हा फरक परवडत नाही. सातपुड्याच्या परिसरात १४ मार्च १९३८ रोजी मोठा भूकंप झाला होता, त्यामुळे हा विचार इथे दूरचा नाही. भूकवचातील प्राथमिक लहर सेकंदाला साधारण ६ किलोमीटर जाते. म्हणून एका केंद्राचे घड्याळ सेकंदाने चुकले, तर त्या केंद्रापुरते भूकंपाचे अंतर तेवढ्याच किलोमीटरने चुकते. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर स्पंदक ताऱ्यांच्या नोंदींसाठी याहून कितीतरी काटेकोर वेळ लागते, आणि तिथे आधार जीपीएसचा असतो. लहान संगणकालाही जीपीएसचा रिसीव्हर जोडून अचूक वेळ मिळवता येते.

जीपीएसच्या उपग्रहांत आण्विक घड्याळे असतात. रिसीव्हरला अक्षांश, रेखांश, उंची आणि स्वतःच्या घड्याळाची चूक अशा चार गोष्टी शोधायच्या असतात, म्हणून चार उपग्रह लागतात. जागा आधीच नक्की असेल, तर वेळेसाठी एकच उपग्रह पुरतो. ही सोय वेळेसाठी खास बनवलेल्या रिसीव्हरमध्ये मिळते. दरीतल्या पाड्यावर, जिथे डोंगरांनी निम्मे आकाश झाकलेले असते, तिथे तिचे मोल फार आहे.

रिसीव्हरकडून वेळ दोन वाटांनी येते, आणि सगळे मर्म इथेच आहे. सिरियल तारेवरून तारीख-वेळेची ओळ येते. पण ९६०० बॉड वेगाने सत्तर अक्षरांची ओळ पोहोचायलाच ७० मिलिसेकंदांहून अधिक जातात, शिवाय ती निघण्याचा क्षण दर वेळी थोडा बदलतो. दुसऱ्या तारेवर, म्हणजे पीपीएसवर (पल्स पर सेकंद), दर सेकंदाच्या आरंभी एक ठोका येतो. कोणता सेकंद हे ओळ सांगते, तो नेमका कधी सुरू झाला हे ठोका सांगतो. ही तार संगणकाच्या जीपीआयओ पिनला जोडली की लिनक्सचे कर्नल ठोक्याची वेळ टिपते आणि क्रोनी हा प्रोग्राम तिच्यावरून घड्याळ सावरतो; चूक काही मायक्रोसेकंदांवर येते. नुसती ओळ वाचून समाधान मानणाऱ्याने रिसीव्हरचा खरा गुण वापरलेलाच नसतो.

दोन खाचखळगे उरतात. जीपीएसची वेळ २०१७ पासून जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. हा फरक सांगणारा उपग्रहाचा संदेश मिळायला साडेबारा मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, तोवर नव्याने सुरू केलेल्या रिसीव्हरच्या सेकंदांवर विसंबू नये. दुसरे म्हणजे उपग्रहांच्या मूळ संदेशातला आठवड्यांचा आकडा १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. एप्रिल २०१९ मध्ये तसे झाले, तेव्हा काही जुने रिसीव्हर जवळपास वीस वर्षे मागची तारीख दाखवू लागले. पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ ची आहे. जुना रिसीव्हर घेताना त्याचे फर्मवेअर कोणत्या सालचे आहे, हे आधी पाहावे.